चांदीवरील मुद्रेची साक्ष

परतवाड्याच्या सराफ्यात जुनी चांदी मोडीत येते तेव्हा तिला दोनच प्रश्न विचारले जातात : वजन किती आणि कस किती? ती कोणी घडविली, केव्हा घडविली आणि कोणत्या मुलखातून ती येथवर आली, हा तिसरा प्रश्न मुशीत विरघळून जातो. प्रस्तुत लेखात आम्ही या तिसऱ्या प्रश्नाकडे वळत आहोत; आणि त्यासाठी चांदीने मढविलेला एक वाकडा खंजीर हाती घेत आहोत.

परतवाडा हे मुळी छावणीचे गाव. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या शेजारी एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य येथे राहत असे. निजामाच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या पदरी अरब शिपाई होते. डिसेंबर १८१७ मध्ये नागपूर शहर इंग्रजांविरुद्ध अखेरपर्यंत लढविले ते प्रामुख्याने अरबांनी. त्यांच्या कमरेचा जंबिया मराठी भाषेतही रुळला. त्यामुळे आपल्याकडे वाकडा खंजीर दिसला की त्यास सरसकट जंबिया म्हणण्याची सवय आहे. परंतु या कुळातील सारेच खंजीर अरबस्तानातले नव्हेत. आफ्रिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या मोरोक्कोचा कुम्मिया हा त्यांचाच दूरचा भाऊ होय.

दोघांतील भेद नजरेला कळण्याजोगा आहे. जंबिया पट्ट्यात खोवून पोटापुढे मिरवतात. कुम्मियाच्या म्यानाला दोन कड्या असतात व दोरीने तो खांद्यावरून डाव्या कुशीला लोंबतो. त्याच्या मुठीचे टोक पंख्यासारखे पसरट असते. आकारावरून मुलूख कळला. काळ मात्र कळत नाही. तेथे चांदीवरील बारीक ठसा साक्षीला येतो.

१९१२ साली मोरोक्कोवर फ्रान्सचे संरक्षण लादले गेले. फ्रान्समध्ये चांदीच्या कसाची सरकारी तपासणी फार जुनी. १८३८ पासून तेथे शुद्ध चांदीवर मिनर्व्हा देवतेचे मस्तक उमटविले जाते. आपल्याकडील मिस्सेचा जुना चषक फ्रान्सहून आलेला असेल, तर त्याच्या तळाशी किंवा काठाशी शिरस्त्राण घातलेले हे इवलेसे मस्तक भिंगाखाली सापडण्याचा संभव आहे. हीच पद्धत पुढे मोरोक्कोत गेली आणि १९२५ पासून तेथील चांदीवर मेंढ्याच्या मस्तकाची मुद्रा पडू लागली. कुम्मियाच्या म्यानावर हा मेंढा दिसला, तर ती चांदी १९२५ पूर्वी तपासली गेलेली नाही, एवढे निश्चित.

पण येथेच उतावळा वाचक फसतो. मुद्रा वस्तूच्या जन्माची तारीख सांगत नाही. ती फक्त तपासणीची साक्ष देते. आजोबांच्या काळातला खंजीर नातवाने विकायला काढला व तेव्हा त्यावर ठसा पडला, असे सहज घडू शकते. फ्रान्समधील हंसाची मुद्रा याचे उत्तम उदाहरण होय. १८९३ पासून परदेशातून आलेल्या किंवा मूळ अज्ञात असलेल्या चांदीवर हा हंस उमटविण्यात येऊ लागला. हंस पाहून वस्तूस फ्रेंच ठरविणारा मनुष्य साक्षीदाराला आरोपी समजतो. उलट, मुद्रा नाही म्हणून वस्तू खोटी, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा. मुद्रेची पद्धत येण्याआधी घडलेल्या अस्सल चांदीवर ठसा असणार तरी कसा?

आपल्या वऱ्हाडाला हा मुद्दा विशेष लागू पडतो. आपल्या जुन्या चांदीवर सरकारी ठसा नसे; कसोटीचा दगड आणि सराफाची नजर हीच हमी. नाण्यांवर मात्र सराफ आपापली बारीक खूण ठोकीत, आणि जुन्या रुपयांवर त्या खुणा आजही दिसतात. भारतात चांदीच्या दागिन्यांना सरकारी प्रमाणमुद्रा मिळू लागली ती २००५ पासून. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचे वाळे, गोठ, सरी हे सारे बिनमुद्रेचे. त्यांचा दाखला केवळ त्यांच्या घडणीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. घडण मुशीत जाते आणि स्मरण माणसाबरोबर जाते.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. अडचणीच्या वेळी चांदी विकावी लागते, त्यात लाज नाही. परंतु ती तराजूत टाकण्यापूर्वी भिंगाखाली एकदा पाहावी, छायाचित्र काढावे, वजन टिपावे, आणि ती घरात कोणाकडून, कोणत्या गावाहून आली हे एका वहीत लिहावे. राख, चिंच वा पावडर लावून ती घासू नये. कारण घासताना झिजतात त्या प्रथम बारीक खुणाच. मोरोक्कोच्या खंजिराला निदान मेंढ्याचे मस्तक साक्षीला आहे. आपल्या चांदीला आपल्यावाचून दुसरा साक्षीदार नाही.