मसाईंचा सातबारा

आज किल्ला नाही, लढाई नाही. आजची गोष्ट जमिनीच्या भाड्याची आहे.

गेल्या वर्षी केनियाला गेलो होतो. मसाई मारा म्हटलं की आपल्याला नदी पार करणारे कळप आठवतात, रील्स बघितलेच असतील. आमचा मुक्काम मात्र मुख्य राखीव क्षेत्राच्या बाहेर होता, नाबोइशो नावाच्या माळरानावर. संध्याकाळी समोर सिंहीण पसरलेली आणि आजूबाजूला गाड्यांची जत्रा अजिबात नाही. मी आमच्या मसाई गाइडला विचारलं, "दादा, हे जंगल सरकारचं ना?" तो हसला. म्हणाला, "आमचं. यातला एक तुकडा माझ्या वडिलांच्या नावावर आहे."

हे वाक्य साधं वाटतं ना? आता शंभर वर्षं मागे चला.

1904 मध्ये इंग्रजांनी मसाईंशी करार केला: रिफ्ट खोऱ्यातली कुरणं गोऱ्या शेतकऱ्यांना द्या, तुम्ही उत्तरेला लाइकिपियात आणि दक्षिणेला राहा, ती जमीन कायमची तुमची. हे "कायमचं" किती टिकलं? सात वर्षं! 1911 मध्ये दुसरा करार झाला आणि लाइकिपियाही गेलं. गुरंढोरं, म्हातारीकोतारी, सगळ्यांना दक्षिणेला हाकललं. मसाई कोर्टात गेले. 1913 मध्ये कोर्ट म्हणालं, हा दोन सत्तांमधला तह आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे बघा, जमीन घेताना ही माणसं इंग्रजांच्या हुकमाखाली, आणि दाद मागायला आली की परकी!

पुढे 1961 मध्ये मारा राखीव क्षेत्र झालं. तिथल्या प्रवेश शुल्काचा कारभार स्थानिक परिषदेकडे गेला, सिंहाने गाय मारली तर नुकसान मात्र घरमालकाचं. स्वातंत्र्यानंतर 1968 च्या कायद्याने उरलेली कुरणं सामायिक मालकीची झाली आणि नंतर कुटुंबागणिक वाटली गेली. सातबारा हातात आला, पण तुकडे पडले की कुंपणं येतात. कुंपण आलं की हत्तीची वाट बंद.

त्यावरचा तोडगा म्हणजे नाबोइशो. 2010 मध्ये साधारण पाचशे जमीनमालकांनी आपले तुकडे जोडले, जवळपास 50,000 एकर. कुंपण घालायचं नाही, आत घरं बांधायची नाहीत, गुरं ठरल्या पाळीने चारायची. बदल्यात पर्यटकांचे कॅम्प एकराप्रमाणे भाडं देतात. पर्यटक कमी आले तरी भाडं ठरलेलं, थेट मालकाच्या खात्यात. तंबू मोजकेच, म्हणून गर्दी नाही आणि म्हणूनच महाग.

सगळं गोड आहे असं नाही. कागदावर नावं बहुतेक पुरुषांची, त्यामुळे पैसा बायकांपर्यंत किती पोचतो हा प्रश्न आहेच. 2020 मध्ये कोविडने विमानं थांबली, कॅम्प ओस पडले आणि बऱ्याच कन्झर्व्हन्सींमध्ये भाडं कापलं गेलं. "तेव्हा गायींनीच जगवलं," गाइड म्हणाला. ते मला पटलं. कुणाच्या तरी सुट्टीवर आपली चूल अवलंबून असणं भीतीदायकच आहे. तरी करार करताना यांना विचारलं गेलं, आणि सही मालक म्हणून झाली.

निघताना त्याने विचारलं, "तुमच्याकडे वाघांची जमीन कुणाच्या नावावर असते?" मी ताडोब्याचं सांगायला लागलो आणि आतून हलवलेली गावं आठवली. ती गोष्ट मोठी आहे, पुढच्या भागात.