ड्रॅगकॉन
'रूपॉल्स ड्रॅग रेस' ही ड्रॅग कलावंतांची (भडक वेशभूषा-रंगभूषेने बहुधा भिन्न लिंगाचे रूप घेऊन प्रयोग करणाऱ्यांची) अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धा २००९ मध्ये सुरू झाली. तिच्या निर्मात्या 'वर्ल्ड ऑफ वंडर' कंपनीने मे २०१५ मध्ये लॉस एंजेलिस येथे पहिल्यांदा भरवलेला हा चाहत्यांचा मेळावा. पुढे तो न्यूयॉर्क (२०१७) व लंडन (२०२०) येथेही भरला. एरवी ड्रॅग कलावंतांचे प्रयोग बहुधा रात्री, बारमध्ये होतात, आणि अमेरिकेत मद्यपानाचे किमान वय २१ असल्याने किशोरवयीन चाहत्यांना तिथे सहसा प्रवेश मिळत नाही. इथे मात्र तीच मुले दिवसाउजेडी, पालकांसोबत, कित्येकदा स्वतः नटूनथटून येतात. मेळाव्याचे खरे मोल यातच आहे. कलावंतांच्या सजवलेल्या दालनांपुढे छायाचित्रांसाठी रांगा लागतात. विग, रंगभूषेचे सामान यांची विक्री आणि चर्चासत्रेही असतात.