किल्लीचा प्रवास : सकळ लिपीपासून संगणकापर्यंत

गुप्त संदेशाचा इतिहास हा मुख्यतः किल्लीचा इतिहास आहे. किल्ली म्हणजे झाकलेला मजकूर पुन्हा मूळ रूपात वाचण्याची ठरलेली रीत, आणि ती योग्य माणसापर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न मराठी मुलखाला शतकानुशतके परिचित आहे. महानुभाव पंथाच्या अनुयायांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे एका अक्षरासाठी ठरलेले दुसरेच अक्षर वा चिन्ह योजून, लिहून ठेवले. तिची किल्ली पंथातच राहिल्यामुळे हे अमोल वाङ्मय बाहेरच्या वाचकांना विसाव्या शतकाच्या आरंभी, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी लिपीचा उलगडा केल्यावरच, खुले झाले. करपल्लवी या हातांच्या सांकेतिक भाषेत तर कागदही लागत नसे: हाताच्या आकाराने वर्ग, बोटांनी त्यातील अक्षर आणि चुटक्यांनी मात्रा कळे, त्यामुळे हाताचे कमळ (क-वर्ग) करून तीन बोटे दाखवली की ‘ग’ होई.

वेदगंगेकाठच्या मुरगूड गावाला किल्ली पोचवण्याच्या या प्रश्नाची धग १९४२ मध्ये जाणवली असली पाहिजे. त्या वर्षी १३ डिसेंबरला स्वातंत्र्यलढ्यातील क्रांतिकारकांनी गारगोटीच्या कचेरीवर चाल केली आणि सात जण हुतात्मा झाले. मुरगूडचे तुकाराम भारमल त्यांपैकी एक होत. भूमिगत लढ्यात पकडलेली एक चिठ्ठी अनेकांना गोवू शकते, म्हणून तेथे विश्वासाचा माणूस हीच किल्ली ठरते.

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी, कधीही न भेटलेल्या दोघांना उघड्या मार्गावरूनच सामाईक गुप्त संख्या, म्हणजेच किल्ली, तयार करता येते, हे दाखवले, आणि किल्ली पोचवणाऱ्या जासुदाची गरज संपली. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’, म्हणजे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मधल्या कंपनीलाही तो वाचता न येणे, याच शोधावर उभे आहे.

आज मुरगूडमधल्या घरच्या संगणकावर असे एन्क्रिप्शन वापरणारे ‘सिग्नल’ हे संदेशांचे ॲप बसवताना पडद्यावर क्यूआर कोड उमटतो, तो फोनच्या कॅमेऱ्याने टिपला की संगणक त्याच खात्याला जोडला जातो. मात्र तेथे संदेश उलगडलेल्या रूपातच दिसत असल्याने संगणकाला पासवर्ड नसेल तर सारे गणित व्यर्थ जाते. समोरचा माणूस तोच आहे ना, हे गणित आपोआप सांगत नाही. त्यासाठी दोघांमधल्या प्रत्येक संभाषणाला साठ अंकी सुरक्षा क्रमांक असतो, पाच-पाच अंकांच्या बारा गटांचा, आणि तो दोघांनी समोरासमोर किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर वाचून ताडून पाहावा लागतो. पुढे तो बदललेला दिसला, तर समोरच्याने नवा फोन घेतला की मध्ये कोणी शिरले, हे त्यालाच विचारावे लागते.