गोवन क्रेझी

गोव्याचे गायक-गीतकार रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांचा स्वनिर्मित इंग्रजी गाण्यांचा संग्रह; १९८४ साली कॅसेटरूपात प्रसिद्ध. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या रेमो यांनी शिवोलीतील घरीच, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर त्याचे ध्वनिमुद्रण केले. शब्द, चाली, गायन, वाद्यवादन, वेष्टनाचे चित्र, सगळे एकहाती. कॅसेटी दुकानोदुकानी पोहोचवल्या त्याही स्वतःच्या स्कूटरवरून! स्वतंत्र रॉक ही संज्ञा भारतात रुळण्याच्या कितीतरी आधीचा हा उद्योग. रॉकच्या अंगाने गोव्याचे रोजचे जगणे थट्टेने मांडणे, ही त्याची खरी कमाई. गोव्यात त्याला श्रोता मिळाला, तो समीक्षकांच्या शिफारशीवाचून.

समीक्षेची धार रेमोंना लागली ती पुढे. पंतप्रधान राजीव गांधींसमोर त्यांना उद्देशून गायलेले गाणे काही वृत्तपत्रांना उद्धट वाटले. रेमोंनी शब्द आणि कात्रणे थेट पंतप्रधानांकडेच धाडली. गाणे आवडल्याचे उत्तर आले. रेमोंना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली.