कार्डावरचं नाव

आमच्या दारव्हा भागात आईबाप गेलेलं लेकरू मामाच्या नाहीतर आजीच्या घरी जायचं. त्याला कागद लागत नसे. कागद आला तो बालसंगोपन योजनेमुळे. नापिकी आणि कर्जापायी कर्ता पुरुष गेलेली घरं यवतमाळ जिल्ह्यात वाढत होती, आणि लेकराला बालगृहात पाठवण्यापेक्षा नातलगाच्या घरीच सांभाळायला सरकार मदत देऊ लागलं होतं. मी कामाला लागले तेव्हा घराला महिन्याला ४२५ रुपये आणि देखरेख करणाऱ्या संस्थेला ७५ रुपये मिळत. अशाच एका संस्थेची गृहभेटीची वही घेऊन मी लाडखेड, बोरी अरब, लोही अशी गावं फिरले. पुढे रक्कम ११०० झाली, २०२३ मध्ये २२५०. अठरावं वर्ष सरलं की पैसे बंद, आणि वहीतलं ते पानही बंद.

साध्या दुखण्याला दारव्ह्याचा सरकारी दवाखाना होता. मोठं काही निघालं की एसटीने यवतमाळचं मेडिकल गाठायचं, १९८९ साली सुरू झालेलं. ऑपरेशनचा खर्च उचलणारी योजना मात्र आमच्याकडे नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. तेव्हा ती राजीव गांधी जीवनदायी होती. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. पिवळं, केशरी रेशनकार्ड चाले. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळे. शासकीय अनाथाश्रमांतली मुलंही नंतर त्यात घेतली. मामाच्या घरचं लेकरू मात्र यांतल्या कुठल्याच रांगेत धड बसत नव्हतं. बापाच्या कार्डावरून नाव कमी झालेलं, मामाच्या कार्डावर चढलेलं नाही, सातबारा अजून आजोबांच्या नावावर.

माझ्या वहीत सिकलसेलची एक पोरगी होती. सांधे धरायचे, रक्त चढवावं लागायचं. अठरा झाली तेव्हा तिची मामी मला म्हणाली, "बाई, आता इचं नाव कोन्या कार्डावर टाकाचं? दोन वर्सात लगन होईन, मंग पुन्हा काढाचं." मामीत खोट नव्हती, आठ वर्षं तिनं रात्री उठून त्या पोरीचे पाय शेकले होते. पण लग्न होईपर्यंतची ती वर्षं आजार थोडाच थांबणार होता?

कायद्यानेही या वयाकडे उशिराच पाहिलं. १९८६च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळापर्यंतच बालक, मुलगी अठरापर्यंत; २००० साली दोघांना अठरा झालं. २०१५च्या कायद्याचं कलम ४६ अठरानंतर आर्थिक मदतीचं बोलतं, पण ते संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. ज्या घरांनी सरकारचा बालगृहाचा खर्च वाचवला, त्यांची मुलं त्या कलमात नाहीत. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. अमेरिकेत २०१४ पासून अठराव्या वर्षी सरकारी संगोपनातून बाहेर पडणाऱ्यांना सव्विसाव्या वर्षापर्यंत सरकारी आरोग्यविमा मिळतो. आपल्याकडे अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग अनाथ मुलांना अठरानंतर बाहेर काढायचं नाकारलं, त्यांना आपलं नाव दिलं, आणि अशा मुलांसाठी कायदा करा ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच वर्षापासून महात्मा फुले योजना सगळ्या रंगांच्या कार्डांना खुली झाली, पाच लाखांपर्यंत. रंगाची अडचण गेली, नावाची राहिली. म्हणून ओळखीच्या घरी लेकरू सतरा वर्षांचं झालं की मी अजूनही जाते, मामा-मामीला समोर बसवते आणि रेशनकार्डात नाव चढवण्याचा अर्ज तिथेच भरून घेते. सिकलसेलच्या त्या पोरीचं नाव मामीने शेवटी चढवलं; आज ती यवतमाळला नर्सिंग शिकते.