गोंगशान दूलोंग–नू स्वायत्त काउंटी

चीनच्या युन्नान प्रांतातील वायव्य टोकाची डोंगराळ काउंटी. उत्तरेस तिबेट, पश्चिमेस म्यानमार. मुख्यालय त्सिकाई. काउंटीतून वाहणारी नूज्यांग नदी पुढे म्यानमारमध्ये साल्वीन या नावाने ओळखली जाते. लोकसंख्या सुमारे ३८ हजार (२०२०).

नाव दूलोंग आणि नू या जमातींचे असले, तरी येथे बहुसंख्य आहेत ते लिसू. त्यांचे नाव एक पायरी वर, नूज्यांग लिसू स्वायत्त प्रिफेक्चरला लागले आहे; गोंगशान त्याचाच भाग. १ ऑक्टोबर १९५६ रोजी स्वायत्त काउंटी स्थापन झाली. पाटीवरच्या नावाला व्यवहारात वजन आहे: कायद्याने काउंटीप्रमुख स्वायत्तता असलेल्या जमातीचाच असावा लागतो. खरी सत्ता ज्याच्या हाती, त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवाला मात्र ही अट नाही.

काउंटीखाली त्सिकाई व बिंगझोंगलुओ ही दोन नगरे (झेन) आणि फंगदांग, फुलादी व दूलोंगज्यांग हे तीन ग्रामीण विभाग (श्यांग) आहेत. त्याखाली गावे.

यांपैकी दूलोंगज्यांगची गोष्ट वेगळी. चीनमधील दूलोंगांची एकूण संख्या सुमारे सात हजार, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक दूलोंगज्यांगच्याच खोऱ्यात, सहा गावांत राहतात. गावोलीगोंग पर्वतावरील बर्फाने खिंड बंद झाली की वर्षातले सुमारे सहा महिने खोऱ्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. १९९९ मध्ये मोटाररस्ता पोहोचला तरी हिवाळ्यातली कोंडी सुटली नाही; ती फुटली २०१४ मध्ये, साडेसहा किलोमीटरहून लांब बोगद्यामुळे. येथील काही मोजक्या वृद्ध स्त्रियांच्या चेहऱ्यावर गोंदण दिसते. मुलगी वयात येण्याच्या सुमारास काट्याने त्वचा टोचून त्यात भांड्याच्या बुडाची काजळी चोळत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही प्रथा थांबली.

नू ही एकजिनसी जमात नव्हे. सरकारी यादीत एकाच नावाखाली आलेल्या नू गटांच्या बोली एकमेकींना कळतीलच असे नाही. बिंगझोंगलुओत नू, तिबेटी आणि लिसू शेजारी राहतात. तिथे लामांचा मठ आहे, आणि चोंगदिंग गावात फ्रेंच मिशनरी आनेत जेनेस्तिए यांनी उभारलेल्या कॅथलिक चर्चची परंपरा. लिसूंमध्ये प्रॉटेस्टंट बरेच. बायबल व भजने ते विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांवरून घडवलेल्या लिपीत वाचतात. एकाच घरात दोन-तीन धर्म नांदण्याचे प्रकारही येथे नवलाचे नाहीत. वसंतात नू लोकांचा पुष्पोत्सव भरतो.