तळटीप १४ : ‘तेव्हा नदीवर पूल कुठले?’

१४. आळंदीच्या वारीविषयीचे लेखकाचे हे विधान सरसकट घेऊ नये. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, तेव्हाच्या यादवकालीन बांधकामात खांब आणि आडव्या तुळयांवर भर होता. पाचरीसारखे दगड जुळवून केलेली खरी कमान दख्खनमध्ये रुजली ती सुलतानी काळात. या कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि भार खांबांवर उतरतो. त्यामुळे लांब तुळईची गरज उरत नाही. सतराव्या शतकापर्यंत असे पूल उभे राहू लागले होते. गोव्यात पणजी–रायबंदर दरम्यान पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याने १६३३-३४ मध्ये बांधलेला, सुमारे तीन किलोमीटरचा जांभ्या दगडाचा पूल आजही वापरात आहे. औरंगाबादेत खाम नदीवर मक्का दरवाजा आणि महमूद दरवाजा यांना लागून कमानींचे जुने पूल आहेत. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावात कोयनेवरचा दगडी पूल शिवकालीन मानला जातो. पाण्याचा लोंढा फुटावा म्हणून त्याच्या खांबांना टोकदार नाक दिले आहे. म्हणजे कमानीच्या पुलाची विद्या या मुलखात इंग्रजांच्या आधीपासून होती. – संपा.